शहर तर जिंकलं, आता त्याचं करायचं काय?

ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम नव्याने खेळणारा माणूस लढाईवर जीव ओवाळून टाकतो. तोफा कुठे लावायच्या, घोडदळ कोणत्या अंगाने घालायचं, नदी ओलांडून हल्ला केला तर किती माणूस पडेल, सगळं बारकाईने बघतो. मग शहर पडतं, पडद्यावर एक चौकोन उघडतो, त्यात तीन-चार बटणं असतात आणि हा गडी दोन सेकंदांत पहिलं बटण दाबून मोकळा होतो. पुढे पन्नास टर्ननंतर (टर्न म्हणजे खेळातली एक पाळी) खजिना रिकामा, जनता नाराज, चार शेजारी एकदम अंगावर, आणि तरी त्याला वाटतं की आपलं सैन्य कमी पडलं.

हा लेख त्या चौकोनाबद्दल आहे. उदाहरणं मुख्यतः सिव्हिलायझेशन फाइव्ह आणि सिक्स, जुना रोम: टोटल वॉर, एम्पायर: टोटल वॉर आणि युरोपा युनिव्हर्सलिस फोर यांतली घेतो, कारण नवे खेळाडू बहुतेक यांपैकीच एखाद्यापासून सुरुवात करतात. नागपुरात बसून लिहितोय, तेव्हा अधूनमधून भोसले येणार. त्याला इलाज नाही. आणि या शहराने मांडलिक राजा एकदा नाही, दोनदा पाहिला, शेवटी खालसाही झालं, त्यामुळे उदाहरण शोधायला फार लांब जायची गरजही पडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: शंका असेल तिथे मांडलिक ठेवा. खालसा नंतर कधीही करता येतं, खालसा केलेलं मांडलिक करता येत नाही. आणि हे सगळं पहिला गोळा डागायच्या आधी ठरवा.

पहिली पायरी: बटणं ओळखून घ्या

नावं खेळागणिक बदलतात, पण मुळात प्रकार पाचच. खालसा करणं, म्हणजे शहर पूर्ण आपलं, कारभार आपला, खर्चही आपला. मांडलिक ठेवणं, म्हणजे शहर आपल्या झेंड्याखाली, पण रोजचा कारभार त्याचा तो. लुटणं, म्हणजे पैसा आज आणि डोकेदुखी उद्या. बेचिराख करणं. आणि ज्याचं होतं त्याला परत देणं.

सिव्हिलायझेशन फाइव्हमध्ये खालसा, मांडलिक आणि जाळणं असे तीन पर्याय येतात. शहर मुळात तिसऱ्याच कुणाचं असेल तर मुक्त करण्याचा चौथा. सिक्समध्ये मांडलिक हा प्रकारच काढून टाकलाय. ठेवा, जाळा किंवा मुक्त करा. २००४ च्या रोममध्ये तीन बटणं: नुसतं ताब्यात घ्या, गुलाम करा, कत्तल करा. युरोपा युनिव्हर्सलिसमध्ये असा चौकोनच नाही, तिथे सगळा निकाल तहाच्या टेबलावर लागतो. त्याबद्दल पुढे.

आपला खेळ यातला कोणता आणि त्यात कोणतं बटण परतीचं आहे, एवढं सुरुवातीलाच बघून ठेवा. दोन्ही सिव्हिलायझेशनमध्ये मूळ राजधानी जाळता येत नाही. ती घेतली की सांभाळावीच लागते, म्हणून राजधानीवर चाल करण्याआधी घरात शिल्लक किती ते बघा.

दुसरी पायरी: हल्ल्याआधी नकाशा बघा

इथे जरा थांबतो, कारण नव्या खेळाडूंचं सगळ्यात जास्त इथेच बिनसतं.

एखादं शहर ठेवण्यालायक आहे की नाही हे त्याच्या लोकसंख्येवरून ठरवू नका. ते आपल्यापासून किती लांब आहे आणि त्याच्या भोवती कोण आहे, हे आधी बघा. सिव्हिलायझेशन सिक्समध्ये २०१८ च्या राइझ अँड फॉल विस्तारापासून (विस्तार म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेली भर) प्रत्येक शहराला निष्ठा असते, शून्य ते शंभर. नऊ षटकोनांच्या (म्हणजे नकाशावरच्या घरांच्या) आत राहणारी माणसं, तुमचीही आणि शत्रूचीही, त्या निष्ठेला आपापल्या बाजूने ओढतात. शत्रूच्या चार मोठ्या शहरांच्या मधोमध असलेलं एक छोटं शहर तुम्ही घेतलंत, तर दर टर्नला निष्ठा वीस गुणांनी घसरू शकते. म्हणजे पाच-सहा टर्नमध्ये शहर स्वतंत्र, आणि तुम्ही ज्या तोफखान्यावर आठ-दहा टर्न खर्च केले तो तिथे उभा राहून बघतोय.

यावर उपाय तीन. शहर घेतल्या घेतल्या गव्हर्नर तिथे पाठवा, त्याने दर टर्नला आठ निष्ठा मिळते. एक तुकडी शहराच्या आत उभी ठेवा, बाहेर नाही. आणि तिसरा, जो खरा उपाय आहे: एकटं शहर घेऊच नका. शेजारची दोन-तीन शहरं लागोपाठ घ्या. कालपर्यंत जी माणसं विरुद्ध बाजूला ओढत होती, ती शहर पडताच तुमच्या बाजूला मोजली जातात. त्यामुळे पहिलं शहर पडायच्या आधीच दुसऱ्याच्या तटबंदीजवळ तोफा पोचलेल्या हव्यात. सुवर्णयुगात असलेल्या राज्याची माणसं दीडपट जोराने ओढतात आणि अंधारयुगातल्या राज्याची निम्म्याने. म्हणून शत्रू सुवर्णयुगात असेल तर शक्यतो वाट बघा, अंधारयुगात असेल तर दिवस वाया घालवू नका.

जुन्या रोममध्ये हिशेब आणखी सरळ होता: राजधानीपासून अंतर जितकं जास्त, तितकी सुव्यवस्था कमी. पार टोकाची मोठी शहरं घेऊन इटलीतून राज्य करायला गेलात तर पूर्वेकडे दर दोन वर्षांनी बंड ठरलेलं. राजधानी हलवता येते हे कित्येकांना माहीतच नसतं. नकाशाच्या मध्यावर एखादं बरं शहर बघा आणि तिकडे हलवा, निम्मी बंडं आपोआप थंड होतात.

अंतराचं हे गणित खेळ बनवणाऱ्यांनी हवेतून आणलेलं नाही. एप्रिल १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरात शिरल्या. पुणे कुठे, पंजाब कुठे. मराठ्यांनी तिथे थेट कारभार बसवला नाही, तिथल्याच अदिना बेग या सरदाराला वर्षाला पंच्याहत्तर लाखांच्या बोलीवर सुभेदारी दिली. निर्णय वाईट नव्हता, मी तरी तोच घेतला असता. पण अदिना बेग त्याच सप्टेंबरमध्ये वारला आणि सगळी मांडणी एका माणसावर उभी होती. पुढच्या वर्षी अब्दाली परत आला तेव्हा पंजाब हातातून गेला. खेळातल्या भाषेत सांगायचं तर नऊ षटकोनांच्या आत आपलं एकही शहर नव्हतं.

तिसरी पायरी: शहर आपल्याला काय देणार आणि काय खाणार

आता सिव्हिलायझेशन फाइव्हचा एक डाव जवळून बघू. माझा मावसभाऊ मानेवाड्याला राहतो, बारावीला आहे, आणि अभ्यासाच्या नावाखाली हा खेळ शिकतोय. मे महिन्याची दुपार, कूलरसमोर लॅपटॉप. (कूलरची थेट हवा लॅपटॉपवर घेऊ नका, त्यात पाण्याचा अंश असतो. हा सल्ला या लेखातला सगळ्यात उपयोगी ठरेल कदाचित.) त्याने शेजाऱ्याचं बारा लोकसंख्येचं शहर घेतलं होतं. पडल्यावर लोकसंख्या निम्मी झाली, म्हणजे सहा. त्याने थेट खालसाचं बटण दाबलं आणि मला हाक मारली.

"दादा, शहर घेतलं ना, मग जनता काऊन रडून राह्यली?"

"घेतलं नाही बे, गिळलं तू."

पडद्याच्या वरच्या पट्टीवर हॅपिनेस, म्हणजे जनतेच्या खुशीचा आकडा, तीनवरून उणे दहावर गेला होता. हिशेब असा आहे. सगळे विस्तार बसवलेले असतील तर साध्या नकाशावर प्रत्येक शहरामागे तीन आणि प्रत्येक माणसामागे एक एवढी नाराजी धरतात. खालसा केलेल्या परक्या शहरात, तिथे कोर्टहाऊस (न्यायालयाची इमारत) उभं राहीपर्यंत, हेच आकडे पाच आणि १.३४ होतात. सहा माणसांचे आठ, वर पाच, झाले तेरा. मांडलिक ठेवलं असतं तर तीन आणि सहा, नऊच. म्हणजे उणे सहा. त्या शहराच्या हद्दीत चांदीची खाण होती आणि चांदी त्याच्याकडे आधी नव्हती. नवी चैनीची वस्तू हाती आली की हॅपिनेस चार वाढतो. म्हणजे चांदी हाती आल्यावर खालसा करूनही उणे सहाच, मांडलिक ठेवून मात्र उणे दोनवर भागलं असतं, आणि उणे दोन एखादं कलोसियम बांधून भरून निघतं. उणे दहाला मात्र लोकसंख्या वाढायची थांबते, सैन्य दुबळं लढतं आणि आणखी खाली गेलं की बंडखोर उगवतात.

आता याच शहराचं बरोबर काय करायचं ते टर्नच्या क्रमाने सांगतो.

शहर पडलं त्या टर्नला मांडलिक ठेवा. सुरुवातीचे काही टर्न शहर प्रतिकारात असतं, तेव्हा ते काहीच बनवत नाही. लोकसंख्या जितकी, साधारण तितके टर्न. या काळात ते खालसा करून काडीचाही फायदा नाही, फक्त नाराजी वाढते. एक तुकडी आत ठेवा, बाकीचं सैन्य पुढे काढा. प्रतिकार संपेपर्यंत पैसे साठवा. ज्या टर्नला प्रतिकार संपेल त्याच टर्नला, गरज असेल तर, खालसा करा आणि त्याच टर्नला साठवलेल्या पैशातून कोर्टहाऊस विकत घ्या. जास्तीची नाराजी लगेच निघून जाते. कोर्टहाऊसला दर टर्नला चार सोनं देखभाल लागते, ती कायमची, हेही मनात धरा.

गरज असेल तर, हे शब्द मुद्दाम लिहिले. बहुतेक शहरांना ती गरज नसतेच. खालसा शहरामुळे सामाजिक धोरणांची किंमत वाढते, मांडलिकामुळे वाढत नाही. मांडलिक शहर काय बांधायचं ते स्वतः ठरवतं, सैन्य बनवत नाही आणि पैशाकडे ओढा ठेवतं. म्हणजे तुम्हाला त्यातून पैसा मिळतो, आणि पैशातून सैन्य घेता येतं. मग खालसा कशासाठी? एकतर शहर इतकं मोठं आणि कसदार असेल की तिथे हाताने कारभार केला तर जगातली आश्चर्यं (खेळातल्या खास वास्तू) बांधता येतील. किंवा ते सीमेवर असेल आणि तिथेच सैन्य उभं करणं, तट विकत घेणं तुम्हाला भाग असेल. या दोन कारणांखेरीज तिसरं मला तरी माहीत नाही. हा खेळ मांडलिकांवर कसा चालतो ते शिकायचं असेल तर एक डाव व्हेनिस घेऊन खेळा. व्हेनिसला खालसा करताच येत नाही, वसाहतीही वसवता येत नाहीत, आणि तरी तो चांगलाच श्रीमंत होतो.

चौथी पायरी: मांडलिक ठेवायचं तर नीट ठेवा

गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास वसवलेलं नागपूर रघुजी भोसल्यांकडे कसं आलं, ते बघण्यासारखं आहे. पुढचा गोंड राजा चांद सुलतान याच्या मागे गादीवरून भांडण लागलं तेव्हा त्याच्या राणीने वऱ्हाडातून रघुजींना बोलावलं. त्यांनी काम केलं, मोबदला घेतला, परत गेले. काही वर्षांनी राणीचीच दोन मुलं, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह, एकमेकांवर उठली आणि १७४३ मध्ये रघुजी आले ते राहायलाच. पण गोंड राजाला त्यांनी उखडलं नाही. बुऱ्हाण शाह नावाचा राजा राहिला, किल्ल्यात राहिला, उत्पन्नातला वाटा त्याला मिळत राहिला, आणि कारभार गेला भोसल्यांकडे. गोंड मुलुखात नव्या धन्याविरुद्ध रोज उठून लढण्याचं निमित्तच त्यामुळे उरलं नाही.

बंगालवरच्या स्वाऱ्यांमध्ये तर बटणं एकामागून एक दाबलेली दिसतात. १७४१ पासून नागपूरकरांच्या फौजा बंगालवर धडकत होत्या. तो लुटीचा टप्पा. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने भेटीला बोलावून नागपूरकरांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना दगाफटक्याने मारलं, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात अलीवर्दीने बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख कबूल केले आणि सुवर्णरेखा नदीपलीकडच्या ओडिशाचा वसूल सोडला. ओडिशात सुरुवातीला मराठ्यांना येऊन मिळालेल्या मीर हबीबच्या हातून कारभार चालला, तो मारला गेल्यावर काही वर्षांनी शिवभट साठे सुभेदार म्हणून आले. म्हणजे आधी खंडणी, मग मांडलिकासारखी सोय, मग थेट सुभा. बंगाल मात्र कधीच घेतला नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं होतं. बारा लाख घरबसल्या येत असतील तर मुर्शिदाबादेत कोर्टहाऊस कोण बांधणार?

युरोपा युनिव्हर्सलिसमध्ये नवे खेळाडू नेमकं हेच करत नाहीत. त्यात मांडलिक राज्य तुम्हाला कर देतं, युद्धात सैन्य देतं, आणि नव्या मुलुखाचा भार स्वतःच्या अंगावर घेतं. तहात मिळालेला प्रांत तुम्ही स्वतःकडे घेतला तर तिथे हक्क पक्का करायला प्रशासनाचे गुण खर्च होतात आणि तोपर्यंत अतिविस्तार (न पचलेल्या मुलुखाचा भार) वाढतो. तो शंभर टक्क्यांपुढे गेला की बंडं आणि वाईट घटनांची रांग लागते. तोच प्रांत मांडलिकाला दिला तर हक्क पक्का करायचा खर्च त्याचा. दहा वर्षं झाली आणि तो खूश असला की मग मुत्सद्देगिरीने त्याला आख्खा विलीन करून घ्या. हळू वाटतं, पण वीस वर्षांत नकाशा तुमच्या रंगाचा होतो आणि एकदाही दिवाळं निघत नाही.

एक सावधगिरी. मांडलिकाला खूप मोठा होऊ देऊ नका. युरोपा युनिव्हर्सलिसमध्ये त्याची स्वातंत्र्याची ओढ एका आकड्यात दिसते. पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली की तो युद्धात हात आखडता घेतो आणि तुमच्या शत्रूंशी संधान बांधायला मोकळा होतो. दर काही वर्षांनी तो आकडा बघत जा.

ज्यांना मांडलिकाचा प्रवास शेवटापर्यंत बघायचा असेल त्यांनी नागपूरचाच पुढचा भाग आठवावा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं. खालसा तेव्हाच करता आलं असतं. केलं नाही. लहान मुलाला तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवलं आणि रेसिडेंट जेंकिन्सने कारभार हाती घेतला. १८५३ मध्ये तो राजा वारसाविना वारला, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. मध्ये पस्तीस वर्षं त्यांनी नुसती वाट पाहिली. क्रूर होतं, पण कोणत्या टर्नला कोणतं बटण दाबायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाचवी पायरी: जाळायचं कधी

फार कमी वेळा. संगणकाने वसवलेली काही शहरं खरंच भिकार असतात: बर्फात, वाळवंटाच्या टोकाला, दोन षटकोन समुद्र आणि एक डोंगर. असली शहरं ठेवून नाराजीशिवाय काही मिळत नाही. किंवा शहर तुमच्या दोन शहरांच्या मध्ये इतकं चिकटून असतं की तिघांचीही उपासमार होते. अशा वेळी जाळा आणि हवं तर चार षटकोन बाजूला आपलं नवं वसवा.

पण खेळ कोणता ते बघा. फाइव्हमध्ये शहर दर टर्नला एक माणूस या वेगाने जळतं आणि जळेपर्यंत ते खालसा शहरासारखी नाराजी देतं. पंधरा लोकसंख्येचं शहर जाळायला घेतलं तर निम्मी लोकसंख्या पडताना गेली तरी सात-आठ टर्न आग चालू, आणि तेवढे टर्न तुमचं आख्खं राज्य चिडलेलं. छोटी शहरं जाळायची असतात, मोठी नाही. सिक्समध्ये शहर तत्काळ नाहीसं होतं, पण बाकीची राज्यं ते विसरत नाहीत. ताब्यात घेण्यापेक्षा जाळण्याचा राग कितीतरी जास्त धरला जातो.

सहावी पायरी: टोटल वॉरवाल्यांसाठी थोडं वेगळं

रोममध्ये शहर घेतल्यावर कत्तल केली तर सुमारे तीन चतुर्थांश लोक जातात आणि हातात पैसा पडतो. ऐकायला भयानक, पण या खेळात प्रचंड शहरांची घाण आणि गर्दीच बंडाला कारण होते, म्हणून दूरच्या तीस हजारी शहरांत अनुभवी लोक नाइलाजाने तेच करतात. गुलाम केलं तर निम्मे लोक तुमच्या त्या शहरांत जातात जिथे गव्हर्नर बसलेला आहे. सुरुवातीच्या काळात, घरची शहरं लहान असताना, हेच बटण सगळ्यात फायद्याचं. राजधानीजवळचं, आपल्याच संस्कृतीचं शहर असेल तर नुसतं ताब्यात घ्या.

मग शहरात शिरल्यावर तीन कामं, याच क्रमाने. आधी शिबंदी. सुव्यवस्था माणसांच्या संख्येवर मोजली जाते, त्यांच्या कौशल्यावर नाही, त्यामुळे जातिवंत लढवय्ये तिथे सडवू नका. स्वस्तातले शेतकरी भरा आणि चांगलं सैन्य पुढे न्या. मग कर सगळ्यात खालच्या पायरीवर. मग परक्या संस्कृतीचं देऊळ पाडून आपलं बांधा. पाडलं की थोडे पैसेही परत येतात. हे करताना मन खट्टू होत असेल तर चांगलंच आहे, पण खेळ तसाच आहे.

एम्पायरमध्ये मराठे घेऊन खेळणाऱ्यांसाठी खास सूचना, कारण आपल्याकडे सगळे हाच पक्ष घेतात. डाव १७०० मध्ये सुरू होतो, मुघल दाराशी असतात, आणि दक्षिणेतले प्रांत भराभर पडतात. त्या प्रत्येक प्रांतात परकी सत्ता आली म्हणून चीड असते, ती हळूहळू ओसरते. तोवर त्या प्रांताला करातून सूट देण्याची एक छोटी खूण प्रांताच्या पटावर असते, ती लावा. उत्पन्न थोडे टर्न बुडेल, पण बंड मोडायला पाच तुकड्या मागे ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. धर्म वेगळा असल्याने होणारी नाराजी ब्राह्मण पाठवून कमी करता येते, पण त्याला वेळ लागतो; दोन-तीन ब्राह्मण आधीच तयार ठेवा.

सातवी पायरी: तहात काय मागायचं, काय सोडायचं

युरोपा युनिव्हर्सलिसमध्ये वेढा जिंकून प्रांत ताब्यात आला तरी तो तुमचा नसतो. युद्धात मिळवलेले गुण तहाच्या वेळी खर्च करायचे असतात, म्हणून ताब्यात आलेला प्रत्येक प्रांत मागू नका. बंदर मागा, किल्ला मागा, शत्रूच्या मुलुखाचे दोन तुकडे पाडणारा प्रांत मागा, बाकीचं पैशात घ्या. फार घेतलंत तर शेजारी मिळून युती करतात. दूरचे प्रांत हातचे जायला वेळ लागत नाही, हे नागपूरकरांना १८०३ मध्ये कळलं: ऑक्टोबरमध्ये कटक इंग्रजांकडे गेलं, अडगाव आणि गाविलगड हरल्यावर डिसेंबरमध्ये देवगावच्या तहात त्यावर शिक्का बसला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला.

सिक्समध्ये घेतलेलं शहर तहात आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका, नाहीतर ते व्यापलेलंच राहतं आणि वाढ खुंटते. फाइव्हमध्ये तहाच्या वेळी शत्रू घाबरलेला असेल तर तो स्वतःहून शहरं देऊ करतो. ती मोफत आहेत म्हणून सगळी घेऊ नका. प्रत्येकाची नाराजी आधी मोजा, वर सांगितलेल्या आकड्यांनी.

आणि परत देण्याचं बटण. ते कमकुवतपणाचं वाटतं म्हणून कुणी दाबत नाही. पण दुसऱ्याकडून जिंकलेलं शहर तुम्ही मूळ मालकाला परत दिलंत, विशेषतः तो खेळातून बाद झालेला असेल आणि त्यामुळे परत आला असेल, तर तो तुमचा कायमचा मित्र होतो. फाइव्हच्या जागतिक परिषदेत त्याचं मत तुमच्या बाजूला पडतं. दूरचं, अडचणीचं, ठेवलं तर खर्च आणि जाळलं तर बदनामी अशा शहराचं हेच करा.

शेवटचं काम एका मिनिटाचं. शहराची तटबंदी शून्यावर आली की पायदळ आत घालण्याआधी डाव हाताने वेगळ्या नावाने सेव्ह करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका. चौकोन उघडला की बटण दाबल्याशिवाय तो बंद होत नाही, आणि दाबलेलं परत घेता येत नाही. सेव्ह असेल तर निदान दोन्ही बटणं दाबून वरच्या पट्टीतले आकडे समोरासमोर बघता येतात, आणि पहिल्या काही डावांत असं करायला काहीच हरकत नाही.